‘असू दे’ लिहिलेली ओळ

कंपनीत तिला सगळे सूनबाई म्हणायचे. तिला स्वतःचं चांगलंसं नाव होतं, दारावरच्या पाटीवर ते पदवीसकट लावलेलंही होतं, पण ते वापरायचे फक्त कुरियरवाले. बाकी साहेबांपासून कँटीनपर्यंत सगळ्यांची ती सूनबाई. कारण कंपनी मोजे विणणाऱ्या यंत्रांचे मेंदू बनवायची, आणि त्या मेंदूतलं पहिलं कर्नल, म्हणजे बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांवर देखरेख ठेवणारा मूळ प्रोग्राम, लिहिलं होतं तिच्या सासऱ्यांनी. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ती नोकरीला लागली. त्यांनी शब्द टाकला नव्हता. उलट ‘घरात मी आहे तेवढा पुरे नाही का?’ असं विचारलं होतं. पण लोकांना काय, आयतं नाव सापडलं.

या कर्नलवरून घरात आधीच बरेच गोंधळ झाले होते. लग्नात तिच्या एका मावशीने ‘बाबांचं सगळं आयुष्य कर्नलमध्ये गेलं’ हे ऐकून त्यांना कडक सलाम ठोकला होता, आणि बाबांनीही तो तितक्याच कडकपणे घेतला होता. ती मावशी अजून त्यांना सीमेवरच्या हवामानाबद्दल विचारते. बाबा सांगतातही.

तर एका सकाळी सूनबाई टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, “बाबा, नव्या बोर्डाचं काम माझ्याकडे आलंय. प्रोसेसरच वेगळा आहे, त्यामुळे जुन्याच्या असेंब्ली भाषेत लिहिलेलं चालणार नाही. काही भाग नव्याने लिहायचेत.”

“लिही की,” बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. “कुठले भाग?”

“परतीचा.”

वर्तमानपत्र खाली आलं.

परतीचा भाग म्हणजे काय, ते सांगायला हवं. यंत्रातला विणकामाचा प्रोग्राम आपल्या जागी मुकाट्याने चालत असतो. त्याच्या हातात अधिकार असे काही नाहीत. सुई हलवायची असो की धागा बदलायचा असो, त्याला कर्नलला हाक मारावी लागते. कर्नल ते काम करतं आणि प्रोग्रामला होता तिथे, होता तसा परत आणून सोडतं. सोडताना सगळे अधिकार काढून घेतं. याला युजर मोडमध्ये परतणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर प्रोग्राम जागा होतो तो भलत्याच ठिकाणी, आणि विणायला घेतो ते भलतंच काहीतरी. बाबांनी हा भाग तरुणपणी लिहिला होता आणि त्यानंतर त्याला कोणी बोट लावलं नव्हतं.

“एवढं मोठं कर्नल पडलंय,” बाबा म्हणाले, “आणि तुला नेमका तोच भाग मिळाला?”

“मी मागितला नाही, साहेबांनी दिला.”

“दिला तर दिला. मला काय त्याचं. मी एक शब्द विचारणार नाही.” मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “सी भाषेत लिहिणार असशील?”

“हो. शेवटच्या चार-दोन सूचना सोडून.”

“हं. सी मध्ये.” एखाद्याने लग्नाला चप्पल घालून जायचं ठरवलं आहे, असा त्यांचा सूर होता.

समोर बसलेल्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता, त्यामुळे भांडण सुरू होण्याआधीच त्यांना त्याचं उत्तर दिसायचं. नवरा दातांचा डॉक्टर. त्याने टोस्ट उचलला आणि दवाखान्याला उशीर होतोय असं सांगून निघून गेला. दवाखाना उघडायला अजून बराच वेळ होता.

जुना कोड तिने उघडला तेव्हा तिला हसू आवरेना. बाबा घरात जसे बोलतात तसेच कोडमध्येही होते. जागोजागी शेरे. एका ठिकाणी ‘यापुढे जपून.’ दुसऱ्या ठिकाणी ‘येथे विचार करून झालेला आहे. पुन्हा करू नये.’ एका अवघड वळणावर नुसतंच ‘बघितलंस?’ असं होतं, आणि खरोखरच बघण्यासारखं होतं. तीन ओळींत त्यांनी जे केलं होतं त्याला तिला सी मध्ये पान लागलं असतं. ती मनातल्या मनात चार वेळा ‘वा, बाबा’ म्हणाली. घरी अर्थातच बोलली नाही.

परत सोडण्याआधी कर्नल एकदा बघतं, की या प्रोग्रामसाठी काही निरोप आलाय का, काही काम राहिलंय का. असलं तर ते उरकायचं आणि पुन्हा बघायचं. काहीच उरलं नाही की सोडायचं. हे बघताना बाहेरच्या हाकांना, म्हणजे इंटरप्टना, दार बंद ठेवावं लागतं. नाहीतर आपण ‘काही नाही’ म्हणून वळायचो आणि पाठीमागे निरोप येऊन पडायचा. बाबांनी ते दार सुरुवातीला बंद केलं होतं, काम उरकण्यापुरतं उघडलं होतं. ठीक. पण राहिलेलं काम उरकून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा बंद केलं होतं. आता, निरोप पोचवणारा भाग स्वतःच जाताना दार लावून जायचा. मग लावलेलं दार पुन्हा लावायचं कशाला? त्या ओळीपुढे शेरा होता : ‘असू दे.’

“असू दे हे काय कारण झालं?” सूनबाई स्क्रीनला म्हणाली, आणि तिने ती ओळ गाळली.

नवा कोड पहिल्या खेपेला चालला नाही, दुसऱ्या खेपेला चालला नाही, आणि मग एका दुपारी चालला. तळमजल्यावरच्या चाचणीच्या खोलीत यंत्राने पहिला मोजा विणून टोपलीत टाकला, तेव्हा साहेब स्वतः टाळ्या वाजवायला खाली आले. मोजा राखाडी होता आणि त्याला टाच जिथल्या तिथे होती. सूनबाईने तो घरी नेऊन बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. बाबांनी चष्मा लावला, मोजा उलटा करून पाहिला, ताणून पाहिला.

“बरा आहे,” ते म्हणाले. “आमच्या वेळी अंगठ्यापाशी जरा जास्त घट्ट यायचा.”

चार दिवस असे छान गेले. पाचव्या दिवशी जिन्यावर मामांची पावलं वाजली.

मामा म्हणजे चाचणीच्या खोलीचे सर्वेसर्वा. ते कोणाचेच मामा नव्हते, पण बाबांच्या बरोबरीचे आणि रोज फोनवर बोलणारे. निवृत्तीचं वय टळून गेलं तरी त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही आठवण करून दिली नव्हती. ते सूनबाईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर एक लांबच लांब राखाडी पट्टा होता, पुढून गुडघ्यापर्यंत आणि मागूनही गुडघ्यापर्यंत.

“सूनबाई,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “माप कुणाचं घेतलंस गं?”

“हे काय आहे?”

“मोजा. आम्ही टाचेची वाट बघत होतो. मग म्हटलं, आत्ता येईल, आत्ता येईल. शेवटी धागा संपला.”

सगळी खोली हसली. तीही हसली आणि लगेच यंत्राच्या नोंदी उघडून बसली. टाके मोजणाऱ्या भागाने टाचेची वेळ झाल्याचा निरोप पाठवला होता. तो नोंदवलेला दिसत होता. प्रोग्रामपर्यंत मात्र तो पोचलाच नव्हता. तिने पुन्हा मोजे विणायला लावले. ढीगभर मोजे, एकजात शहाणे. तिची पाठ वळली, ती जेवून आली, आणि मामा पुन्हा जिन्यात. “दुसरा पाय पण आला बरं का. जोडी झाली.”

पुढचे काही दिवस सूनबाईने अन्न फक्त गिळलं. ज्या चुकीला हाक मारली की ती येत नाही, तिच्यासारखी छळवादी चूक नाही. घरी तिने काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. मामांचा फोन होता. बाबा जेवताना शीळ वाजवायला लागले.

“वाजवू नका,” आई म्हणाल्या.

“मी काही विचारलंय का?” बाबा म्हणाले. “मी एक शब्द विचारला नाही.”

शेवटी तिनेच पांढरं निशाण फडकवलं. “बाबा, ती एक ओळ आहे ना. काम उरकल्यावर इंटरप्ट पुन्हा बंद करणारी. तिथे तुम्ही ‘असू दे’ असं लिहिलंय. का?”

बाबांची शीळ थांबली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला. “का असेल?”

“ते मी तुम्हाला विचारतेय.”

“सांगितलं तर तू शिकणार काय? विचार कर.”

ओळ परत घातली तर मोजा सुधारतो का, एवढं बघणं तिला सहज जमलं असतं, आणि तिने बघितलंही. सुधारला. तीन दिवस एकही लांब मोजा नाही. साहेब म्हणाले, झालं तर मग. पण सूनबाईला ते पटेना. आपल्या कोडमध्ये कारण न कळलेली ओळ म्हणजे चपलेतला खडा. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला आठवण होते.

म्हणून ती रोज बाबांना विचारायची आणि बाबा रोज एखाद्या मठाधिपतीसारखं काहीतरी सांगायचे. “कोडचा स्वभाव ओळखावा लागतो.” “वरवर बघू नकोस.” “तू घाई करतेस, हा तुझा प्रश्न आहे.” एक दिवस त्यांनी तिच्याकडून जुन्या कोडचा छापील कागद मागून घेतला, “सहज, चाळायला,” आणि तो घेऊन बाल्कनीत बसले ते संध्याकाळच्या चहालाही आत आले नाहीत.

सूनबाई स्वयंपाकघरात कप विसळत होती. आई भाजी निवडत होत्या.

“त्यांना छळू नकोस गं,” आई हळूच म्हणाल्या.

“मी? मी त्यांना छळतेय?”

“त्यांना आठवत नाहीये.”

सूनबाईने नळ बंद केला.

“तू विचारलंस त्या दिवसापासून शोधतायत. माळ्यावरून जुन्या फायली काढून झाल्या. मामांना विचारून झालं. काल दाढी करताना स्वतःशीच म्हणत होते, ‘का बरं घातली असेल?’ मला म्हणाले, अगं, मी विसरायला लागलो की काय? दुसऱ्या कशाबद्दल विचारलं असतंस तर हसून सोडून दिलं असतं. पण ते परतीचं काम… त्यांना ते पाठ आहे असं त्यांना वाटत होतं.”

सूनबाईला आधी राग आला. आठवडाभर त्या ‘विचार कर’वर विचार केला होता तिने! मग तिने बाल्कनीकडे पाहिलं. बाबा कागद डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत होते, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या मुलासारखे. राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. तरी आठवडाभराची थोडी वसुली बाकी होतीच.

“बाबा,” ती बाल्कनीत जाऊन म्हणाली, “साहेब विचारत होते, तुम्ही एकदा कंपनीत येऊन त्या ओळीवर सगळ्यांना दोन शब्द सांगाल का? म्हणजे मी एकटीच शिकायला नको.”

बाबांचा चेहरा असा झाला की तिला लगेच वाईट वाटलं.

“सगळ्यांना?”

“थट्टा केली हो.”

बाबा कागदाची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना. “सूनबाई,” ते म्हणाले, “तुला खरं सांगू का? मी तो भाग लिहिला तेव्हा टेबलाचा एक पाय हलायचा, ते आठवतंय. खाली काय ठेवलं होतं तेही आठवतंय. ही एक ओळ काही केल्या आठवत नाही.”

“मग आठवू नका,” ती म्हणाली. “शोधू या. उद्या रविवार आहे. माझा कोड मी आणते, तुमचा तुम्ही आणा.”

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल रिकामं करून दोघं समोरासमोर बसली. आई पंच म्हणून मध्ये बसल्या. नवऱ्याने संत्री सोलून ठेवली आणि तो दोन खोल्या पलीकडे गेला. बाबांची पद्धत जुनी होती. एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, “आता दार उघडं की बंद?” दोघांनी एकदम उत्तर द्यायचं. कंटाळवाणा प्रकार. ‘बंद.’ ‘बंद.’ ‘बंद.’ ‘उघडं.’ ‘उघडं.’ आईंना डुलकी लागायची वेळ आली.

“निरोप पोचवून झाला, परत आलो. आता?”

“बंद,” सूनबाई म्हणाली.

“उघडं,” बाबा म्हणाले.

आईंनी डोळे उघडले.

“बंदच,” सूनबाई म्हणाली. “निरोप पोचवणारा भाग जाताना दार लावून जातो.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“दाखव.”

तिने लॅपटॉप फिरवला. भाग तिचाच होता, दोन वर्षांपूर्वी लिहिलेला. निरोप ठेवायचा, दार लावायचं, परत यायचं. तिने बोट खाली खाली नेलं आणि एका जागी ते थांबलं. निरोप ठेवायला प्रोग्रामची जागा तयार नसली, तर ती तयार करायला घ्यायची आणि लगेच मागे फिरायचं, अशी एक आडवाट तिथे होती. क्वचितच लागणारी. त्या वाटेने मागे फिरताना दार लावायचं राहून गेलं होतं.

म्हणजे त्या आडवाटेने आलं की दार सताड उघडं. कर्नल म्हणणार ‘काही राहिलं नाही’ आणि वळणार. तेवढ्यात टाचेचा निरोप येऊन पडणार. आणि कर्नल त्याच्याकडे न बघता प्रोग्रामला सोडून देणार. जुन्या बोर्डावर घड्याळाचा ठोका सतत पडायचा आणि दर ठोक्याला कर्नल पुन्हा बघायचं, त्यामुळे पुढच्या ठोक्याला चूक सावरली जायची. नव्या बोर्डावर वीज वाचवायला तो ठोका बंद केला होता. मग काय, मोजा चालला गावाला.

“ही आडवाट कोणी ठेवली उघडी?” बाबांनी अतिशय गोड आवाजात विचारलं.

“मी.”

“नाही, मी आपलं सहज विचारलं.”

“तुमच्या कोडमध्ये बघा ना! तुमच्यातसुद्धा असणार.” तिने कागद ओढून घेतला. होती. अगदी तशीच, त्याच जागी. तिने नवा भाग लिहिताना जुन्यावरून वाटा जशाच्या तशा उचलल्या होत्या, चुकीसकट.

बाबा त्या जागेकडे बघत राहिले. मग एकाएकी त्यांनी टेबलावर थाप मारली. संत्र्याची साल उडाली.

“आठवलं! टाच दोन ओळी खाली सरकायची. मधूनच कधीतरी. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. मी काय काय करून बघितलं, काही लागेना. शेवटी दार आणखी एकदा बंद केलं, नुसतं अंदाजाने. आणि थांबलं! का थांबलं, कोणाला ठाऊक. मी म्हटलं, असू दे!”

“म्हणजे?” सूनबाई म्हणाली.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो!” बाबांचा चेहरा उजळून निघाला होता. “मला कधी माहीतच नव्हतं!”

आईंनी कपाळाला हात लावला. “याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय.”

सूनबाई इतकी हसली की आतून नवरा बघायला आला. आठ दिवस ती ज्याला गूढ समजत होती, कंपनीतली दोन पिढ्यांची माणसं ज्याला हात लावायला घाबरत होती, तो होता एक अंदाज, माल जायच्या आदल्या दिवशी मारलेला. बाबा तर डोळे पुसत होते. “मठाधिपती,” ती त्यांना म्हणाली. “वरवर बघू नकोस म्हणे!”

“मग, बघितलंस ना खोल?” बाबा म्हणाले. “सापडलं ना?”

सोमवारी तिने आडवाटेवरचं दार लावलं. ‘असू दे’ची ओळही ठेवली, आणि तिच्यापुढे कारण चांगल्या चार वाक्यांत लिहिलं. मामांनी आठवडाभर यंत्र पळवलं. टाचा जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी नवा बोर्ड पार पडल्याबद्दल सगळ्यांना चहा ठेवला आणि या वेळी खरोखरच बाबांना बोलावलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चाचणीच्या खोलीत मामांनी त्यांना खुर्ची दिली. पोरंपोरी भोवती जमली, ज्यांना ते फक्त कोडमधल्या शेऱ्यांतून माहीत होते. साहेबांनी विचारलं, “सर, सूनबाई म्हणत होत्या की शेवटी तुमच्या त्या एका ओळीनेच वाचवलं. इतक्या वर्षांपूर्वी तुम्हाला हे कसं दिसलं?”

सूनबाईला वाटलं, आता हे मान हलवतील, खिडकीबाहेर बघतील आणि म्हणतील, विचार करा.

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं खरं. मग म्हणाले, “मला काही दिसलं नव्हतं हो. मी आपला अंदाजाने ठोकून दिला. का चालतंय ते मला गेल्या रविवारी कळलं, आणि तेही हिने शोधल्यावर.”

मग एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, “किती साधे आहेत ना!”

“याला म्हणतात मोठेपणा,” साहेब भारावून म्हणाले. “सुनेला श्रेय देतायत, बघा.”

“अहो, खरंच सांगतोय,” बाबा म्हणाले.

“तेच तर,” साहेब म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. मामांनी सर्वांत जोरात वाजवल्या. त्यांना सगळं माहीत होतं. बाबांनी मदतीसाठी सूनबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिने खांदे उडवले.

दोघं बसस्टॉपकडे चालत निघाली.

“मी खरं बोललो की नाही?” बाबांनी विचारलं.

“शब्दन्‌शब्द.”

“एकानेही विश्वास ठेवला नाही.”

“नाही ठेवला.”

ते थोडे पुढे चालले. “वाईट नाही वाटलं पण,” ते म्हणाले, आणि बस दिसताच तिच्या आधी पळत सुटले.